बरणीतली पाखरं

डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं:
साखर बंद, पांढरा पाव बंद, मीठ चिमटीपुरतं.
मी म्हटलं, मग चालू काय राहिलं?
त्या म्हणाल्या, तुम्ही.

एकतीस वर्षं वाल्पाराइसोच्या धक्क्यावर क्रेन चालवली.
सुईत दोरा ओवावा तसे
कंटेनर जहाजाच्या पोटात सोडायचो.
आता जवस मोजताना चमचा थरथरतो,
आणि संध्याकाळी सहाला
खालच्या बेकरीतून माराकेता पावाचा वास
दोनशे पायऱ्या चढून वर येतो.
त्याला कुठली गुडघेदुखी.

पहिल्या आठवड्यात मी कोंड्याचा पाव भाजला.
तो अजून आहे.
वारा सुटला की दाराला तोच लावतो.

मग वरच्या वळणावरची नोल्फा आली,
ओल्या फडक्यात काहीतरी गुंडाळून,
तान्हं मूल आणावं तशी, पावलं मोजत.
"पाखरं आहेत," म्हणाली.
"विकायची नसतात. विकतही घ्यायची नसतात.
कुणी मागितली तर नाही म्हणायचं नसतं."
बघतो तर फ्लॉवरचा चुरा, पांढरा, लिबलिबीत.
चोच नाही, पंख नाही.
"रोज दूध पाजायचं. रोज गाळायचं.
पत्र्याचा चमचा लावलास
तर तुझी माझी ओळख संपली."

माझ्या घरात सगळंच पत्र्याचं.
ट्रंकेतून ओदिलियाचा पडदा काढला,
ती जाऊन सहा वर्षं झाली, पडदा अजून लिंबाच्या रंगाचा.
एक चौकोन कापला.
कापताना तिची माफी मागितली, मोठ्यानं.
तिच्याच भरतकामाच्या लाकडी कड्यात ताणून बसवला.
झालं गाळणं.

पहिलं दही आंबट ढाण.
दुसऱ्यात सफरचंद किसलं, सालीसकट.
तिसऱ्या दिवशी बोट चाटलं आणि इकडेतिकडे पाहिलं.

हात सुटले मग.
मासळीच्या खोक्याला तळाशी भोकं पाडून
खिडकीत कोथिंबीर पेरली.
उगवण्याआधीच मांजरानं त्यात आपली नोंद केली.
पुन्हा पेरली.

पाखरं वाढतात. बरणीत मावेनात.
तळमजल्यावरच्या येर्कोला थोडी दिली,
स्केटबोर्डवरचा पोरगा, वेफर्सवर जगणारा.
"हे जिवंत आहे?" त्यानं विचारलं.
तुझ्याइतकं तरी, म्हटलं.

मार्चमध्ये मुलानं अंतोफागास्ताला बोलावलं,
नातीचा बाप्तिस्मा.
केकचे दोन तुकडे खाल्ले. तीन.
कागद खिशातच होता.

दहा दिवसांनी परतलो.
बरणी ओट्यावर तशीच, फ्रीजबाहेर,
काठाला गुलाबी साय,
आणि वास असा की मांजरही मागे सरलं.

लोकांच्या आनंदावर विरजण पडतं.
माझं विरजणच मेलं,
त्याला काय म्हणायचं?

बरणी तीनदा धुतली.
नोल्फाच्या दारावरून जाताना टोपी खाली ओढायला लागलो.
त्या आठवड्यात माराकेता आणला. एक.
उभ्यानं खाल्ला, बशीशिवाय,
म्हणजे मोजला जाणार नाही.

रविवारी दार वाजलं.
येर्को, हातात मोठा मग, वर झाकायला पुस्तकाचा पुठ्ठा.
"दोन कुस्तोदियो, माझ्याकडे मावत नाहीत हो.
तीन बरण्या झाल्या. आई ओरडते.
थोडी घ्याल?"
मी दोन्ही हात पुढे केले,
जणू पहिल्यांदाच बघतोय.
"लाकडी चमचा वापरायचा," त्यानं मला बजावलं.
बरं, म्हटलं.

परवा कागदावरचा आकडा खाली आला.
थोडाच.
डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं,
मी छताकडे.

नोल्फाला अजून सांगितलेलं नाही.
काल ती आली, वाटी पुढे केली,
दोन घास खाऊन थांबली.
"चव बदललीय रे."
दूध बदललंय, मी म्हटलं.
ती काही बोलली नाही.
चमचा चाटून वाटीत ठेवला
आणि खिडकीतल्या कोथिंबिरीकडे,
कोथिंबिरीत झोपलेल्या मांजराकडे
बराच वेळ बघत राहिली.